पिंप्राळ्याच्या पुलावरचा धडा : वाहतूक अभियांत्रिकी आणि आपली मुले

पिंप्राळ्याचे रेल्वे गेट ज्यांनी पाहिले आहे, त्यांना 'गेट पडले' म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. जळगाव शहर आणि पिंप्राळा यांच्या मध्ये लोहमार्ग आडवा येतो. गेट पडले की लोटगाडीवाला, रिक्षावाला, शाळेची मुले, दवाखान्यात निघालेला आजारी माणूस, असे सगळे एकाच रांगेत उभे. एका बाजूने मालगाडी गेली, आता उघडेल असे म्हणावे, तोच दुसऱ्या बाजूने प्रवासी गाडी यायची. आता तेथे 'महारेल'ने बांधलेला उड्डाणपूल आहे. राज्य शासन आणि रेल्वे मंत्रालय यांच्या भागीदारीतून २०१७ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी राज्यात ठिकठिकाणी असे पूल बांधते. पूल झाला, लोक त्यावरून जाऊ लागले आणि गेटची रांग विसरून गेले.

परंतु या पुलाने आपल्याला एक प्रश्न विचारला आहे, तो विसरून चालणार नाही. हा पूल एवढाच उंच का? त्याचा उतार एवढा लांब का? तो नेमका कोणाच्या दुकानासमोर उतरला आणि तेथेच का? हे ठरवणाऱ्या माणसाला काय म्हणतात? आणि आपल्या मोहल्ल्यातील किती मुलांना हे ठाऊक आहे, की तो माणूस आपल्यापैकीही कोणी होऊ शकतो?

काही दिवसांपूर्वी एका गॅरेजात बसलो होतो. मिस्त्रींचा मुलगा दहावी पास होऊन वडिलांच्या हाताखाली लागला होता. मिस्त्री मोठ्या अभिमानाने म्हणाले, "हा इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगतो." आम्ही विचारले, "मग याला पदविकेला का घालत नाही?" ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "तिकडे आपल्याला कोण ओळखतो?" हा लेख त्या उत्तरासाठी आहे. ओळख लागते ती माणसाची नव्हे, वाटेची. ती वाट येथे सांगण्याचा प्रयत्न आहे.

आपला धंदा आणि रस्ता

खान्देशचे नशीब पूर्वीपासून रस्त्याला बांधलेले आहे. सतराव्या शतकात सुरत बंदरातून निघालेला माल नंदुरबार, थाळनेर, चोपडा या वाटेने बुऱ्हाणपूरला आणि तेथून पुढे आग्र्याला जात असे. बुऱ्हाणपूरचे कापड याच वाटेने समुद्रापर्यंत पोहोचे. पुढे तापी खोऱ्यातून सुरत-जळगाव रेल्वेमार्ग आला. सुमारे ३०७ किलोमीटरच्या उधना-जळगाव मार्गाचे दुहेरीकरण २०१८ मध्ये पूर्ण झाले. सुरतेहून धुळे, जळगाव करीत नागपूरकडे जाणारा महामार्ग पूर्वी सहा क्रमांकाचा होता, आता त्याला त्रेपन्न क्रमांक आहे. धुळ्यात त्याला मुंबई-आग्रा रस्ता छेदतो. सावदा-रावेरची केळी दिल्लीला जातात, जळगावच्या चटया आणि पाईप देशभर जातात. म्हणजे वाहतूक हा आपल्या जिल्ह्याचा श्वास आहे.

या श्वासावर आपल्या समाजातील किती घरे चालतात याचा विचार करावा. ट्रकचालक, क्लीनर, गॅरेजचे मिस्त्री, वेल्डर, टर्नर, कमानीचे पाटे बसवणारे, रेडिएटर दुरुस्त करणारे, टायरवाले, डेंटिंग-पेंटिंगवाले, सीटचे गादीकाम करणारे, बॉडी बांधणारे, सुटे भाग विकणारे, भंगाराचे व्यापारी. रस्त्याच्या कडेला आपण सगळीकडे आहोत. मात्र ज्या टेबलावर रस्ता आखला जातो, त्या टेबलावर आपण फारच थोडे आहोत. ही तक्रार म्हणून नव्हे, हिशेब म्हणून सांगत आहोत.

वाहतूक अभियांत्रिकी म्हणजे काय?

माणसे आणि माल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सुरक्षित, वेळेवर आणि कमी खर्चात कसे पोहोचतील, याचे शास्त्र म्हणजे वाहतूक अभियांत्रिकी. समजण्यासाठी त्याचे चार भाग करू.

पहिला भाग रस्ते व पुलांचा. जमीन मोजणे, रस्त्याची आखणी, खडी-डांबर-सिमेंटची तपासणी, पुलाचे खांब आणि गर्डर. हे स्थापत्य शाखेचे काम असून सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, महापालिका, महामार्ग प्राधिकरण आणि खासगी ठेकेदार यांना अशी माणसे लागतात.

दुसरा भाग रेल्वेचा. रूळ, सिग्नल, विजेच्या तारा, इंजिने, डबे. यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. भुसावळ हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय आहे. तेथे विद्युत इंजिनांची शेड आहे, इंजिन दुरुस्तीचा मोठा कारखाना आहे आणि रेल्वे कर्मचाऱ्यांची विभागीय प्रशिक्षण संस्था आहे. मनमाडच्या रेल्वे कारखान्यात पुलांचे लोखंडी गर्डर तयार होतात. वेल्डरच्या मुलाने हे वाक्य दोनदा वाचावे.

तिसरा भाग वाहनांचा. इंजिन, ब्रेक, बॉडी, विजेवर चालणारी वाहने, त्यांची तपासणी. ही यंत्र व ऑटोमोबाईल शाखा. एस.टी. महामंडळाच्या विभागीय कार्यशाळा, दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा, पुण्याची 'एआरएआय' ही वाहन संशोधन संस्था, वाहन कंपन्या आणि त्यांची सेवा केंद्रे या शाखेत येतात.

चौथा भाग नियोजनाचा. कोणत्या चौकात किती वाहने येतात, सिग्नल किती सेकंदांचा ठेवावा, बसचे वेळापत्रक कसे असावे, केळीचा ट्रक कोणत्या वेळी निघाला तर माल ताजा पोहोचेल, हे ठरवणे. यात गणित आणि संगणक लागतो. माल हलवण्याचे व्यवस्थापन हा आज स्वतंत्र व्यवसाय झाला आहे.

पुलावरचा धडा

आता शिक्षकांसाठी प्रत्यक्ष धडा घेऊ. आठवी-नववीच्या मुलांना तो सहज समजेल. गणिताच्या पुस्तकातील गुणोत्तर आणि गुणाकार एवढेच भांडवल पुरे आहे.

प्रश्न पहिला : गेटच्या जागी पूल हवा, हे कसे ठरते? रेल्वे त्यासाठी एक साधा गुणाकार करते. चोवीस तासांत गेटवरून किती गाड्या जातात ते मोजायचे. त्याच चोवीस तासांत रस्त्यावरून किती वाहने जातात ते मोजायचे. मोटार, ट्रक, बैलगाडी, टांगा यांना प्रत्येकी एक धरतात. ऑटोरिक्षा व सायकलरिक्षा यांना अर्धा धरतात. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की जे येते त्याला 'ट्रेन व्हेईकल युनिट' म्हणतात. हा आकडा एक लाख किंवा त्याहून अधिक झाला की तेथे पुलाचा विचार होतो. समजा शंभर गाड्या आणि हजार वाहने असतील, तर गुणाकार बरोबर एक लाख. मुलांना येथे एक गोष्ट उमजते, की निवेदने आणि मोर्चे यांच्या बरोबरीने आकडा बोलतो. ज्याला मोजता येते, त्याचे निवेदन वजनदार होते.

प्रश्न दुसरा : पूल किती उंच असावा? विजेवर चालणाऱ्या मार्गावर इंजिनाला वीज देणारी तार रुळापासून साधारण साडेपाच मीटर उंच असते. तिच्या वर सुरक्षित अंतर सोडून पुलाचा तळ ठेवावा लागतो. हिशेबासाठी तळ साडेसहा मीटरवर धरू. त्यावर गर्डर आणि स्लॅबची जाडी दीड मीटर धरू. म्हणजे रस्त्याचा पृष्ठभाग रुळापासून आठ मीटर वर गेला.

प्रश्न तिसरा : उतार किती लांब असावा? सपाट मुलखातील रस्त्यासाठी आपल्या देशात तीस मीटरला एक मीटर हा चढ नेहमीचा मानला आहे. वीस मीटरला एक मीटर ही त्यापुढची मर्यादा. आठ मीटर चढायचे तर तीसला एक या मापाने २४० मीटर लांबीचा उतार लागेल. वीसला एक धरला तर १६० मीटरमध्ये काम भागेल. मग ऐंशी मीटर वाचवावेत की नाही?

याचे उत्तर लोटगाडीवाल्याला विचारा. गाडीसह तीनशे किलोचे ओझे असेल, तर तीसला एक चढावर त्याला सपाटीपेक्षा दहा किलो वजनाइतका जोर जास्त लावावा लागतो. वीसला एक चढावर तोच जोर पंधरा किलोइतका होतो. म्हणजे दीडपट. पूल आखणाऱ्याने कागदावर ऐंशी मीटर वाचवले, तर त्याची किंमत कोणाच्या तरी छातीने आणि पायांनी रोज मोजावी लागते. उलट उतार लांबवला, तर आणखी काही दुकाने त्याच्या कडेला दबतात, गिऱ्हाईक वरून निघून जाते. अभियंत्याला या दोन्हींचा हिशेब घालावा लागतो. म्हणूनच हे काम नुसत्या सिमेंटचे नाही, न्यायाचेही आहे.

येथे व्यापारी वर्गानेही थांबून विचार करावा. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो, रस्ता रुंदीकरणाचे नकाशे लागतात, हरकती व सूचनांसाठी मुदत दिली जाते. त्या मुदतीत आपल्यापैकी कितीजण नकाशा वाचू शकतात? आपले दुकान कोणत्या रेषेत आहे हे बहुतेकांना यंत्र दारात आल्यावर कळते. मोहल्ल्यात एक मुलगा किंवा मुलगी नकाशा वाचणारी असेल, तर मुदत संपण्याआधी व्यवस्थित हरकत लिहून देता येते. शिक्षणाचा हा फायदा पगाराच्या आकड्यात दिसत नाही, पण तो फार मोठा आहे.

प्रश्न चौथा सुरक्षिततेचा. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. महामार्ग शहराच्या मधोमध असल्याचे दुःख जळगावकरांना सांगायला नको. दुभाजकातील चुकीची फट, अंधारातील वळण, नसलेला पादचारी मार्ग, ही कारणे अनेकदा अभियंत्याच्या हातातील असतात. रस्त्यावरील त्रासदायक वस्तू बाजूला करणे हे सदक्याचे काम आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. एक काटा उचलण्याचे एवढे मोल असेल, तर धोक्याचा चौक नीट आखून हजारोंचे प्राण वाचवणाऱ्याचे मोल किती, याचा विचार मुलांसमोर ठेवावा.

कारागीर ते अभियंता : दोन उदाहरणे

कारागिराच्या घरातून अभियंता होतो काय, असा प्रश्न पडलेल्यांसाठी दोन माणसांची आठवण करून देतो.

पहिला मिमार सिनान. सोळाव्या शतकातील उस्मानी सल्तनतीचा मुख्य वास्तुविशारद. तो सुतारकाम शिकलेला होता. सैन्यात असताना पूल आणि रस्त्यांची कामे करता करता तो वर चढत गेला. मशिदींसाठी त्याचे नाव जगभर घेतले जाते, पण त्याने पूलही बांधले. बोस्नियातील विशेग्राद येथे द्रिना नदीवर १५७७ मध्ये पूर्ण झालेला त्याचा अकरा कमानींचा दगडी पूल २००७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. हातातली करवत आणि डोक्यातले गणित एकत्र आले, तर काय होते याचा हा पुरावा आहे.

दुसरा अमेरिकेतील गॅरेट मॉर्गन, जन्म १८७७. त्याचे आईवडील गुलामीतून सुटलेल्या पिढीतील. शाळा प्राथमिक शिक्षणापर्यंतच. शिलाई मशीन दुरुस्त करण्याचे काम तो करी, पुढे त्याने त्याचेच दुकान काढले. रस्त्यातील एक अपघात पाहून त्याने वाहतूक सिग्नलचा विचार केला. 'थांबा' आणि 'चला' यांच्या मध्ये सर्व बाजूंची वाहने थांबवणारी तिसरी खूण त्याने सिग्नलला दिली. १९२३ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. १९९७ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने शाळेतील मुलांना आणि शिक्षकांना वाहतूक क्षेत्राची ओळख करून देणारा एक कार्यक्रम सुरू केला, त्याला या मॉर्गनचेच नाव दिले. वाहतूक चालवायला पुढे माणसे लागणार आहेत आणि ती आजच्या शाळेत बसली आहेत, एवढाच त्यामागील विचार. हा विचार करण्यासाठी श्रीमंत देश असण्याची गरज नाही. पिंप्राळ्यातही तो करता येतो.

वाट कशी आहे?

आता पालकांसाठी महत्त्वाचा भाग. दहावीनंतर तीन वाटा फुटतात.

पहिली वाट आयटीआयची, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, मोटार मेकॅनिक हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. वेल्डर आणि डिझेल मेकॅनिक हे एक वर्षाचे. प्रवेश घेताना हा फरक जरूर पाहावा. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला पुढे पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. घाईत एक वर्षाचा ट्रेड निवडला, तर ही शिडी हातची जाऊ शकते.

आयटीआयनंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रेल्वे, एस.टी. आणि कारखान्यांत उमेदवारी मिळते आणि त्या काळात विद्यावेतनही मिळते. मध्य रेल्वेच्या उमेदवारीत भुसावळ व मनमाडच्या जागा असतात. त्यासाठी दहावीला किमान पन्नास टक्के गुण आणि आयटीआयचे प्रमाणपत्र लागते, आणि निवड गुणांच्या यादीवर होते. म्हणून मुलांना आताच सांगावे, की दहावी नुसती 'निघाली' म्हणजे झाले, असे नाही. पन्नास टक्क्यांच्या खालचा गुण उद्या दार बंद करतो. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलट या पदासाठीही ठरावीक ट्रेडमधील आयटीआय किंवा पदविका चालते.

दुसरी वाट पदविकेची, म्हणजे तंत्रनिकेतनाची. दहावीनंतर तीन वर्षे. जळगाव आणि धुळे दोन्ही ठिकाणी शासकीय तंत्रनिकेतने आहेत, तेथील शुल्क खासगी संस्थांपेक्षा पुष्कळ कमी असते. रेल्वेच्या ज्युनिअर इंजिनिअर पदासाठी तीन वर्षांची पदविका हीच पात्रता आहे. आणखी एक गोष्ट गॅरेजवाल्यांनी ध्यानात घ्यावी. आरटीओच्या ज्या सहायक मोटार वाहन निरीक्षकापुढे आपण ट्रक पासिंगसाठी उभा करतो, त्या पदासाठी दहावीनंतरची ऑटोमोबाईल किंवा यंत्र अभियांत्रिकीची पदविका लागते आणि निवड लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होते. जी गाडी आपला मुलगा डोळे मिटून उघडतो आणि जोडतो, ती तपासण्याच्या खुर्चीवर तो स्वतः का बसू नये? पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते.

तिसरी वाट बारावी विज्ञानाची. त्यानंतर राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून अभियांत्रिकी पदवी. जळगावात १९९६ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामचे साबू सिद्दीक तंत्रनिकेतन व अभियांत्रिकी महाविद्यालय अनेक पिढ्यांपासून आपल्या मुलांना घडवीत आहे. राष्ट्रीय पातळीवरील जेईई परीक्षा देणाऱ्यांना बडोद्याचे गतिशक्ती विश्वविद्यालय खुले आहे. २०१८ मध्ये रेल्वे व परिवहन संस्था म्हणून सुरू झालेले हे विद्यापीठ खास वाहतूक क्षेत्रासाठीच आहे. पदवीनंतर वाहतूक अभियांत्रिकीत विशेष शिक्षण घ्यायचे तर आपल्याला सर्वांत जवळ सुरतेची राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, त्याशिवाय मुंबईचे आयआयटी.

पैशाची अडचण खरी आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देते. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाच्या व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या आहेत. ज्या बिरादरींची नावे मागास प्रवर्गाच्या यादीत आहेत, त्यांनी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रीमीलेअर हे नववीतच काढून ठेवावेत. शाळेच्या दाखल्यावर आणि आधार कार्डावर नावाचे स्पेलिंग एकच असावे. प्रवेशाच्या आठवड्यात सेतू कार्यालयाच्या रांगेत उभे राहून गेलेल्या जागा परत मिळत नाहीत.

'मुलगा शिकला तर धंदा कोण सांभाळेल?'

हा प्रश्न प्रत्येक कारागीर विचारतो आणि तो रास्त आहे. परंतु धंदाच बदलतो आहे, हे पाहिले पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा इंजिने आली. त्यांत बिघाड शोधायला कान पुरत नाहीत, स्कॅनर लागतो आणि स्कॅनरवरील आकडे वाचता आले पाहिजेत. बसबांधणीसाठी एआयएस-०५२ आणि ट्रकबांधणीसाठी एआयएस-०९३ असे नियमसंच आले. बॉडी बांधणाऱ्याला आता मापे, नकाशे, तपासणी व मान्यता यांची कागदपत्रे लागतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. विजेवर चालणाऱ्या रिक्षा आणि दुचाकी मोहल्ल्यात येऊन उभ्या आहेत. त्यांत ना कार्बोरेटर, ना सायलेन्सर.

जो उस्ताद आपल्या मुलाला शाळेतून काढून पान्याला लावतो, तो त्याला कालचा धंदा देतो आहे. वीस वर्षांनी त्या मुलाला मोठ्या कंपनीच्या सेवा केंद्रात गाडी धुण्याचे काम करावे लागले, तर दोष कोणाचा? उलट त्याच मुलाने पदविका घेतली आणि संध्याकाळी वडिलांच्या कार्यशाळेत हात चालू ठेवला, तर मान्यतेची कागदपत्रे तोच करील, नकाशा तोच काढील आणि शटरवरील वडिलांचे नाव तसेच राहील. शिक्षणामुळे धंदा सुटत नाही. न शिकल्यामुळे तो हातून जातो.

मुलींविषयी दोन शब्द. दहावीच्या निकालात दरवर्षी मुली मुलांपेक्षा पुढे असतात. नकाशे काढणे, संगणकावर आराखडे करणे, वाहनांच्या मोजणीवरून नियोजन करणे, प्रयोगशाळेत साहित्य तपासणे, तंत्रनिकेतनात शिकवणे, ही कामे त्या उत्तम करू शकतात. आपल्या गावच्या तंत्रनिकेतनात मुलगी रोज घरून जाऊन येऊ शकते. तिचे गणित चांगले असेल, तर तिला फक्त अंतर पाहून थांबवू नये.

शिक्षकांनी आणि व्यापाऱ्यांनी काय करावे?

उर्दू माध्यमाच्या मुलाला गणित येत नाही असे नाही, त्याला शब्द अडवतात. ढलान, उतार आणि ग्रेडियंट ही एकाच गोष्टीची तीन नावे आहेत. सुतून, खांब आणि पिअर हेही एकच. दोन खांबांमधला गाळा म्हणजे स्पॅन. अशा पन्नास शब्दांचा तक्ता उर्दू, मराठी आणि इंग्रजीत वर्गात लावला, तर पदविकेच्या पहिल्या सत्रातील निम्मी भीती जाईल. राज्यातील पदविका अभ्यासक्रमात मराठी-इंग्रजी द्विभाषिक शिक्षणाची सोय २०२१ पासून झाली आहे, तिचाही लाभ मराठी चांगले असलेल्या मुलांना होईल.

व्यापारी व कारागीर बांधवांना एकच विनंती. महिन्यातून एका शनिवारी आपले गॅरेज, लेथ वर्कशॉप किंवा ट्रान्सपोर्टचे कार्यालय दोन तासांसाठी शाळेच्या वीस मुलांना उघडे करा. ब्रेक कसा लागतो, कमानीचे पाटे एकावर एक का ठेवतात, भाड्याचा हिशेब वजनावर की अंतरावर, एवढेच दाखवा. खर्च एका चहाचा. आणि ज्यांच्या ओळखीत भुसावळला रेल्वेत, एस.टी.च्या कार्यशाळेत किंवा बांधकाम खात्यात काम करणारा कोणी असेल, त्यांनी त्याला एकदा शाळेत आणावे. आपल्यातलाच माणूस समोर उभा राहिला, की 'तिकडे आपल्याला कोण ओळखतो' या प्रश्नाचे उत्तर मुलाला आपोआप मिळते.

स्वाध्याय

(१) शिक्षकांसोबत रस्त्याकडेच्या एखाद्या दुकानाच्या ओट्यावर बसून एक तास वाहने मोजा. दुचाकी, रिक्षा, मोटार, ट्रक, सायकल, लोटगाडी असे रकाने करा. रस्त्यात किंवा रुळाजवळ जाऊ नका. सकाळी दहाची आणि दुपारी तीनची मोजणी ताडून पाहा.

(२) पुलाची उंची नऊ मीटर असेल, तर तीसला एक आणि चाळीसला एक या चढांसाठी उताराची लांबी किती? चारशे किलोच्या लोटगाडीला दोन्ही चढांवर किती जास्त जोर लागेल?

(३) एका गेटवरून चोवीस तासांत ८० गाड्या, ९०० मोटारी-ट्रक आणि ६०० ऑटोरिक्षा जातात. ट्रेन व्हेईकल युनिट काढा. हा आकडा एक लाखाच्या किती खाली किंवा वर आहे?

(४) शाळेपासून घरापर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढा. धोक्याच्या तीन जागांवर खूण करा आणि प्रत्येक ठिकाणी काय बदल करावा ते दोन ओळींत लिहा. चांगले नकाशे मुख्याध्यापकांच्या सहीने महापालिकेला पाठवा.

(५) पालकांसाठी : मुलाच्या किंवा मुलीच्या नववीच्या गुणपत्रिकेतील गणित व विज्ञानाचे गुण पाहा. कमी असतील तर गॅरेजच्या कामातून रोज एक तास सोडा. तो तास वाया जात नाही, इन्शाअल्लाह व्याजाविना परत येतो.

पिंप्राळ्याचा पूल आता उभा आहे आणि त्यावर आपली भूमिका फक्त ये-जा करण्याची आहे. पुढचे पूल अजून कागदावर यायचे आहेत. त्या कागदावर सही करणाऱ्यांत आपल्या एखाद्या मिस्त्रीच्या मुलाचे नाव असावे. त्यासाठी पुढच्या जूनमध्ये त्याचा प्रवेश अर्ज भरला गेला पाहिजे, आणि ते काम आपले आहे.